राज्यशास्त्राची ओजेटी : आधी काम ठरवा, मग तास मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून एम. ए.च्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांची (क्रेडिटची) ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ (ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) किंवा क्षेत्र प्रकल्प आला. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सीएच्या कार्यालयात जातो, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत. राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्याने कुठे जायचे, याचे उत्तर बहुतेक महाविद्यालयांत ‘ओळखीने मिळेल तिथे’ असेच आहे. आता २०२४-२५ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षात आलेली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला पोहोचते आणि तिलाही ओजेटी आहे. एम. ए.चा वर्ग लहान असतो, पदवीचा त्याच्या कितीतरी पट. ओळखी तेवढ्या पुरणार नाहीत, म्हणून हे पत्र.

जागा मिळत नाही ही तक्रार सगळेच करतात. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. जागा खटपट केली की मिळते. काम मिळत नाही.

महाविद्यालयाचे पत्र साधारण असे असते : ‘आमच्या खालील विद्यार्थ्यांना आपल्या कार्यालयात १२० तासांचे प्रशिक्षण द्यावे, ही विनंती.’ खाली पाच नावे. पंचायत समितीच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, त्यावर आवक शिक्का पडतो, पत्र गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाते आणि ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा घेऊन आस्थापना शाखेकडे येते. नियम तर काही नसतो. कनिष्ठ सहायकाला या पाच जणांचे काय करायचे ते कळत नाही आणि त्यात त्याची चूकही नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मग झेरॉक्स काढणे, शिक्के मारणे, ऑनलाइन अर्ज भरणे. आमदारांचे संपर्क कार्यालय असेल तर रील बनवणे. चौथ्या दिवशी ‘तुम्ही रोज नाही आलात तरी चालेल, प्रमाणपत्र देऊ’ असे सांगितले जाते. त्यामागे वाईट हेतू नसतो, खुर्च्या कमी असतात.

वेळापत्रकाने त्यात भर घातली आहे. ओजेटी सत्र चालू असतानाच करायची, तासिका बुडवायच्या नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी शनिवार दिला जातो. राज्य सरकारची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. शनिवारी दाराला कुलूप असते. समजा एखादी संस्था शनिवारी उघडी असली, तरी १५ आठवडे गुणिले ६ तास म्हणजे ९० तास होतात. उरलेले ३० तास वहीत ‘उगवतात’. परीक्षकही हे जाणतो आणि सही करतो.

उपाय साधा आहे. दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली की मे-जूनमध्ये सलग २० कामाचे दिवस, रोज ६ तास. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा असते. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याला साडेदहा ते पाच झेपते, जेवणाची सुट्टी वजा जाता ६ तास भरतात. यावर विद्यापीठाची एकच अडचण असते : गुण दुसऱ्या सत्राच्या निकालात भरायचे असतात. ते तिसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेत दाखवण्याची तरतूद विद्या परिषदेने एका ठरावाने करावी.

सहकारी शिक्षण किंवा ‘को-ऑप’ नावाने शिक्षणासोबत प्रत्यक्ष कामाची ही पद्धत जिथे रुजली, तिथे तासांपेक्षा कामाच्या वर्णनाला महत्त्व आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये ती अभियांत्रिकीसाठी सुरू केली. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये तिच्याच पायावर उभे राहिले. आज कॅनडात राज्यशास्त्राचे विद्यार्थीही को-ऑप करतात. चार महिने अभ्यास, चार महिने पगारी पूर्णवेळ काम, असे आलटून पालटून. आठवड्याला ३५ तास धरले तर १६ आठवड्यांचे ५६० तास होतात. आपले १२० त्यापुढे किरकोळ. पण तुलना तासांची करू नये. तिथे आधी कार्यालय एक पान लिहून देते : काम काय, कोणाच्या हाताखाली, कोणते कौशल्य लागेल. विद्यार्थी अर्ज करतो, मुलाखत होते, निवड होते. शेवटी कामाचा अहवाल द्यावा लागतो. पगार आपल्याकडे उद्या सुरू होणार नाही. ते एक पान मात्र फुकट आहे.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी करू शकेल आणि कार्यालयालाही हवे असेल, असे काम कोणते? काही नमुने देतो.

पहिला पंचायत समितीतला. पाच ग्रामपंचायतींच्या गेल्या वर्षभरातल्या ग्रामसभांची इतिवृत्ते वाचून एक तक्ता करायचा. वर्षात किमान चार सभा व्हायला हव्यात. रकाने असे : सूचना सभेच्या किती दिवस आधी निघाली, हजेरीच्या सह्या किती, गणपूर्ती झाली की सभा तहकूब झाली, ठराव क्रमांक आणि विषय, त्यासाठी निधी कोणत्या शीर्षातून, आणि तो विषय ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या विकास आराखड्यात आहे की नाही. गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. २,४०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३६० होतात, म्हणून तिथे १०० पुरतात. ५०० मतदारांच्या गावात ७५. ही साधी गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते. इतिवृत्तात मात्र ‘अकरा वाजता गणपूर्तीअभावी तहकूब, साडेअकरा वाजता त्याच ठिकाणी पुन्हा सुरू’ अशी नोंद चारपैकी तीन सभांना दिसली, की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही या तरतुदीचा गावपातळीवर काय अर्थ होतो ते विद्यार्थ्याला व्याख्यानाशिवाय समजते.

तासांचा हिशेब : इतिवृत्ते वाचायला ८ दिवस (हस्ताक्षर लावायला पहिल्या गावात वेळ जातो, पुढे वेग येतो), प्रत्येक गावात प्रत्यक्ष पाहणीला एक याप्रमाणे ५ दिवस, पोर्टलशी ताळा घ्यायला ३, लिहायला ३, विस्तार अधिकाऱ्यांसमोर तक्ता ठेवून चुका दुरुस्त करायला १. वीस दिवस, १२० तास.

यात नेमके काय बिघडते तेही सांगायला हवे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, अनेकदा दोन गावे असतात. तो कोणत्या वारी कोणत्या गावात असतो हे आधी विचारले नाही तर दोन दिवस बंद दार पाहण्यात जातात. इतिवृत्त कार्यालयाबाहेर नेता येत नाही, तिथेच बसून टिपणे काढावी लागतात; फोटो काढायचा तर परवानगी घेऊनच. सह्या मोजताना मुले फक्त पहिले पान मोजतात, हजेरी मागच्या पानावर किंवा वेगळ्या वहीत पुढे गेलेली असते. अंगठे सुटतात. आणि महिलांची ग्रामसभा आधी वेगळी होते, तिची हजेरी मुख्य सभेत मिळवली की आकडा फुगतो. हे सगळे एक शिक्षक पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात सांगू शकतो. तो सांगत नाही, कारण त्याने स्वतः हे इतिवृत्त उघडलेले नसते. आम्हा शिक्षकांना हे ऐकायला आवडत नाही, पण ते खरे आहे.

तहसील किंवा नगर परिषदेत याच धर्तीची दोन कामे होतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी फलकावर व संकेतस्थळावर आहेत का, शेवटच्या कधी अद्ययावत केल्या, हे तपासून मसुदा तयार करून देणे. किंवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या अधिसूचित सेवांपैकी एखादी निवडून, मुदतीत किती अर्ज निघाले आणि प्रथम अपिलात किती गेले याची मांडणी करणे. कार्यालयांना हे करायचे असतेच, फक्त हात नसतात.

आता दुसरा नमुना, विधिमंडळाशी जोडलेला. हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे नागपुरात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग होतो. तो चांगला आहे, पण जागा मर्यादित आणि काम ऐकण्याचे. आमदारांच्या संपर्क कार्यालयात बसलेल्या विद्यार्थ्याला ऐकण्यापेक्षा जास्त करता येते : आलेल्या तक्रारींतून तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा करणे. त्याचा साचा ठरलेला आहे :

‘(१) अमुक तालुक्यातील तमुक पाणीपुरवठा योजनेचे काम निधीअभावी बंद असल्याचे माहे मार्चमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तर बहुधा असे येते : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

हसू येते, पण सगळी विद्या या दोन ओळींत आहे. पहिल्या उपप्रश्नात काम ‘निधीअभावी’ बंद आहे असे लिहिले आणि प्रत्यक्षात ते भूसंपादनासाठी अडले असेल, तर ‘हे खरे नाही’ हे उत्तर खोटे ठरत नाही आणि उरलेले तिन्ही उपप्रश्न आपोआप मरतात. म्हणून पहिल्या उपप्रश्नात कारण घालायचे नाही. फक्त सिद्ध होईल तेवढे घालायचे : योजनेचे नेमके नाव, कार्यारंभ आदेशाची तारीख, काम पूर्ण करण्याची मुदत, आजची स्थिती. कारण विचारायचे ते पुढच्या उपप्रश्नात. दोन खात्यांचे विषय एका प्रश्नात कोंबायचे नाहीत. न्यायप्रविष्ट बाब टाळायची. तक्रारदाराच्या अर्जातली विशेषणे गाळायची. वीस दिवसांत असे आठ मसुदे, प्रत्येकामागे कागदपत्रांची संचिका, आणि सोबत त्या मतदारसंघाबद्दल मागच्या दोन अधिवेशनांत विचारलेल्या प्रश्नोत्तरांची यादी. ती प्रश्नोत्तरे विधिमंडळाच्या कागदपत्रांत मिळतात. स्वीय सहायकालाही हे रीलपेक्षा उपयोगी वाटते, असे आमचे मत आहे; निदान अधिवेशन तोंडावर आले की वाटते.

राजकीय व्यक्तीच्या कार्यालयात विद्यार्थी पाठवावा का, हा वाद विभागांत नेहमी होतो. पाठवावा, दोन अटींवर. आचारसंहिता लागू झाली त्या दिवशी तिथले काम थांबेल आणि उरलेले तास महाविद्यालयात संदर्भकामाने भरले जातील. आणि प्रचार, सभेची गर्दी, गळ्यात उपरणे, मतदार यादीवर ‘आपला-त्यांचा’ खुणा करणे हे त्याच्याकडून करून घेतले जाणार नाही. हे पत्रात लिहूनच घ्यावे. तोंडी ठरलेले पाळले जात नाही.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी अवघड समजली जाते. परराष्ट्र मंत्रालयाची आंतरवासिता आहे. एक ते तीन महिने, दरमहा १०,००० रुपये मानधन. पण तिथे देशभरातून मोजकेच निवडले जातात आणि दिल्लीत राहण्याची सोय स्वतःची. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०१७ पासून विदेश भवन आहे, पारपत्र कार्यालय आणि परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणाचे कार्यालय तिथे एका छताखाली आहेत. विद्यापीठांनी तिथे विचारणा करावीच. मात्र परराष्ट्र धोरण शिकायला मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. ते लासलगावातही शिकता येते.

कांद्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी दराने निर्यात नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी. बंदी चालू असतानाच सरकारी मार्गाने, नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या सहकारी संस्थेमार्फत, बांगलादेशाला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन पाठवण्याची परवानगी. ४ मे २०२४ पासून बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. वीस महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलले आणि प्रत्येक वेळी शेतकरी उत्पादक कंपन्या, छोटे निर्यातदार आणि बाजार समित्या व्हॉट्सॲपवरच्या अर्धवट बातम्यांवर विसंबून राहिल्या.

इथे विद्यार्थ्याचे काम स्पष्ट आहे : प्रत्येक अधिसूचनेचे एका पानात, २४ तासांच्या आत, मराठीत टिपण. पाच गोष्टी त्यात हव्यातच : अधिसूचनेची तारीख, ती लागू होण्याची तारीख, ती कोणी काढली, आधीच जहाजावर चढलेल्या किंवा सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात दिलेल्या मालाचे काय, आणि मुदत कधी संपते. मुले हमखास चुकतात ती तिसऱ्या बाबीत. बंदी आणि किमान निर्यात मूल्य ही विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाची हत्यारे; निर्यात शुल्क हे अर्थ मंत्रालयाचे. दोन्ही ठिकाणी पाहिले नाही तर ‘बंदी उठली’ एवढेच लिहिले जाते आणि ४० टक्के शुल्काचा उल्लेख राहतो. एवढ्या एका चुकीने टिपण निरुपयोगी होते. चौथी बाब वर्तमानपत्रांतही बहुधा नसते, संपादक महोदय, आणि बंदरात कंटेनर अडकलेल्याला नेमकी तीच हवी असते. आणि बंदीतून बांगलादेश नि अमिरातीसारख्या मोजक्या देशांनाच वाट का, या प्रश्नावर त्याचा अंतिम अहवाल उभा राहतो. तोच अभ्यास वरुड-मोर्शीच्या संत्र्याला बांगलादेशाच्या आयात शुल्काचा बसलेला फटका किंवा युरोपात जाणाऱ्या द्राक्षांमधल्या कीटकनाशकांच्या उर्वरित अंश तपासणीचे नियम घेऊन करता येईल. मराठी माध्यमाचा विद्यार्थी इथे कमी पडत नाही. उलट त्याचीच गरज आहे.

पैशांबद्दल. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, पण ती शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी. शिकत असताना ओजेटी करणाऱ्याला काहीच नाही, आणि खर्च मात्र आहे. एसटीचा विद्यार्थी सवलत पास घर ते महाविद्यालय या मार्गापुरता. पंचायत समिती दुसऱ्या दिशेला असेल तर पूर्ण भाडे. मुलींना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, मुलांना तेही नाही. दिवसाला १०० रुपये धरले तरी २० दिवसांचे २,००० होतात. २५ जणांच्या वर्गाचे ५०,०००. ओजेटीच्या नावाने शुल्क घेणाऱ्या महाविद्यालयांनी ते आधी प्रवासखर्चात वळवावे. मे महिन्यात मजुरी सोडून येणाऱ्या विद्यार्थ्याला हे २,००० पुरत नाहीत हे आम्हाला कळते, पण शून्यापेक्षा बरे.

नोंदवहीबद्दल एकच. वीस दिवसांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणात आल्या, की परीक्षकाने ती वही बाजूला ठेवावी. सही दर शुक्रवारी घ्यावी. रोजच्या नोंदीत ‘कार्यालयीन कामकाज पाहिले’ हे वाक्य चालू नये. कोणता कागद हाताळला, त्याचा आवक क्रमांक, काय केले, काय कळले नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोंडी परीक्षा त्याच्यावरूनच घ्यावी. अहवालातली पहिली दहा पाने पंचायतराजच्या इतिहासावर असतील तर ती न वाचता फाडावीत, असे म्हणायचा मोह होतो. लाभार्थ्यांच्या याद्या, आधारच्या प्रती, रेशन कार्डांचे फोटो विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये राहता कामा नयेत. तक्त्यात नावांऐवजी क्रमांक लिहावेत.

ऑनलाइन ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ची दुकाने मध्यंतरी फार वाढली आहेत. ओळखायची खूण सोपी : ते विद्यार्थ्याकडून पैसे घेतात आणि प्रमाणपत्रावर तास आधीच छापलेले असतात. अभ्यास मंडळांनी अशी प्रमाणपत्रे सरळ नाकारावीत.

शिक्षकांच्या बाजूचाही एक अडथळा आहे. वर्गावर बरेचदा तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक असतात. त्यांना मानधन शिकवलेल्या तासाचे मिळते. मे महिन्यात पाच गावे फिरून विद्यार्थ्यांची पाहणी केली तर काही नाही. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन भेटी, प्रत्येकी तीन तास, असे धरून ओजेटीचा कार्यभार आणि मानधन मोजले गेले पाहिजे. नाहीतर पाहणी फोनवरच होईल.

सरकारकडे मागणी एवढीच की सामान्य प्रशासन, ग्रामविकास आणि उच्च शिक्षण या तीन विभागांनी मिळून एक परिपत्रक काढावे. राज्यात ३५१ पंचायत समित्या आहेत. प्रत्येकीने एका वेळी दोनच विद्यार्थी घ्यावेत, म्हणजे ७०२ जागा. पाच नकोत, पाच आले की कोणालाच काम मिळत नाही. जबाबदारी गटविकास अधिकाऱ्यांवर न टाकता नाव घेऊन एका विस्तार अधिकाऱ्यावर टाकावी. कामाचे ते एक पान सोबत जोडलेले असल्याशिवाय महाविद्यालयाचे पत्र स्वीकारूच नये.

परिपत्रक निघेपर्यंत महाविद्यालयांना थांबायचे कारण नाही. मेमध्ये मुले पाठवायची तर पत्रे जानेवारीत जायला हवीत. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपण्याची धावपळ असते, तेव्हा तिकडे कोणी पाहत नाही. एप्रिल-मे हा बदल्यांचा काळ, ज्यांनी हो म्हटले ते अधिकारी तिथे असतीलच असे नाही. म्हणून पत्र अधिकाऱ्याच्या नावाने नव्हे, पदनामाने द्यावे, सोबत कामाचे पान जोडावे, आणि बारनिशीतून आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

आपले,
राज्यशास्त्राचे काही अध्यापक व ओजेटी समन्वयक